पदावली, अमूल्यांकित

संगणकाच्या आज्ञावलीतील जिचे मूल्य अद्याप काढलेले नाही आणि जी त्याच अवस्थेत एक स्वतंत्र वस्तू म्हणून साठविता, तपासता व बदलता येते, अशी पदावली. बहुतेक आज्ञावली-भाषांमध्ये ‘अ + ब’ असे लिहिताच अ व ब यांची त्या क्षणीची मूल्ये घेऊन बेरीज केली जाते व हाती फक्त उत्तर राहते. ते कोणत्या पदावलीतून आले याची खूण उरत नाही. काही भाषांमध्ये मात्र उत्तराऐवजी ‘अ आणि ब यांची बेरीज करावी’ ही आज्ञाच जपून ठेवता येते व पुढे योग्य वेळी, योग्य ठिकाणी तिचे मूल्यांकन करता येते. सांख्यिकीय कामासाठी जगभर वापरली जाणारी ‘आर’ ही भाषा अशा भाषांपैकी एक असून तिच्यातील प्रत्येक सामान्य फलन हे वस्तुतः साठवून ठेवलेल्या अमूल्यांकित पदावलीचेच एक रूप आहे. प्रस्तुत नोंदीत या भाषेतील पदावलींची साठवण, तिचे उपयोग आणि तिच्यातून उद्‌भवणारे दोष यांचा विचार केला आहे. भाषेतील फलनांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत.

नाव आणि मूल्य : ‘पुणे मुळा-मुठेच्या काठी आहे’ या वाक्यात पुणे हा शब्द त्या शहराचा निर्देश करतो, ‘पुणे हा दोन अक्षरी शब्द आहे’ या वाक्यात तोच शब्द स्वतःचाच निर्देश करतो. व्याकरणशास्त्रात हा भेद प्राचीन काळापासून ज्ञात आहे. पाणिनींच्या अष्टाध्यायीत नियमातील शब्दाने त्याचा अर्थ न घेता त्याचे स्वतःचे रूपच घ्यावयाचे, असा संकेत पहिल्याच पादात सांगितला आहे. आज्ञावलीतही हाच भेद उत्पन्न होतो. ‘क्ष’ असे लिहिल्यावर संगणकाने क्षचे मूल्य द्यावयाचे, की क्ष हे नाव द्यावयाचे? नेहमीच्या व्यवहारात मूल्य अभिप्रेत असते. नाव किंवा पदावली जशीच्या तशी हवी असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. आर भाषेत त्यासाठी ‘क्वोट’ हे फलन आहे : ‘क्वोट (अ + ब)’ याचे उत्तर संख्या नसून ‘अ + ब’ ही पदावलीच असते. अ व ब यांना कोणतेही मूल्य दिलेले नसले, तरी ही आज्ञा निर्वेधपणे पार पडते. याउलट साठविलेल्या पदावलीचे मूल्य काढण्याचे काम ‘इव्हॅल’ हे फलन करते. ही दोन फलने परस्परविरोधी असून उरलेली सर्व साधने त्यांच्या दरम्यान येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : या कल्पनेचा उगम अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून विकसित केलेल्या ‘लिस्प’ या भाषेत आहे. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मॅकार्थी यांनी आज्ञावली व तिची आधारसामग्री या दोन्ही एकाच प्रकारच्या याद्यांनी दर्शविता येतात, असे दाखविले. या भाषेतील कोणत्याही पदावलीचे मूल्य काढणारे फलन त्यांनी त्याच भाषेत लिहिले होते. ते कागदापुरतेच आहे असा त्यांचा समज होता. तथापि त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्यक्ष उतरविले आणि लिस्पचा निर्वचक तयार झाला.

याच सुमारास यूरोप व अमेरिकेतील तज्ञांनी सिद्ध केलेल्या ‘अल्गोल ६०’ या भाषेत फलनाला आदान देताना त्याचे मूल्य न देता पदावलीच देण्याची सोय होती. अशी पदावली फलनात जितक्या वेळा वापरली जाई, तितक्या वेळा तिचे मूल्य नव्याने काढले जाई. तिच्या अंमलबजावणीसाठी पीटर इंगरमन यांनी १९६१ मध्ये ‘थंक’ या नावाची युक्ती वर्णिली. पदावली आणि तिचे मूल्य जेथे काढावयाचे ते ठिकाण यांची एकत्र बांधलेली गाठोडी असे तिचे स्वरूप सांगता येईल.

सांख्यिकीच्या क्षेत्रात ही कल्पना ‘एस’ या भाषेमार्फत आली. न्यू जर्सी राज्यातील मरी हिल येथील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये या भाषेच्या कामास सुरुवात केली. सुरुवातीच्या एस भाषेत वापरणाऱ्याला स्वतःच्या आज्ञा साठविण्यासाठी मॅक्रोंचा उपयोग करावा लागे. मॅक्रो म्हणजे निव्वळ मजकूर; तो आज्ञावलीत जसाच्या तसा घातला जाई. बेकर, चेंबर्स व ॲलन विल्क्स यांच्या १९८८ मधील ग्रंथात वर्णिलेल्या नव्या एस भाषेत मॅक्रोंची जागा फलनांनी घेतली आणि फलन ही संख्या किंवा यादी यांसारखीच एक वस्तू बनली. या भाषेबद्दल चेंबर्स यांना १९९८ मध्ये असोसिएशन फॉर कॉम्प्यूटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणालीसाठी असलेला पुरस्कार मिळाला.

न्यूझीलंडमधील ऑक्लंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात आर भाषा निर्माण केली. ससमन व स्टील यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या ‘स्कीम’ या लिस्पच्या शाखेवर आधारलेला एक छोटा निर्वचक त्यांनी प्रथम लिहिला आणि त्यावर एस भाषेची वाक्यरचना चढविली. १९९५ मध्ये ही भाषा मुक्त परवान्याखाली खुली झाली. तिच्यावरील मूळ निबंध १९९६ मध्ये व १·०·० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. बाह्यतः एस व अंतरंगाने स्कीम अशा या दुहेरी वारशामुळेच आर भाषेत अमूल्यांकित पदावलीला विशेष महत्त्व आले आहे.

पदावलीची अंतर्गत रचना : आज्ञावलीचा मजकूर वाचताना आर भाषेचा निर्वचक प्रथम त्याचा पदच्छेद करतो व प्रत्येक पदावलीची वृक्षासारखी रचना तयार करतो. या वृक्षात मुख्यतः तीन प्रकारचे घटक असतात : ५ किंवा ‘पुणे’ अशा मजकुरासारखे स्थिरांक, अ, क्ष यांसारखी नामे, आणि फलनाचे पाचारण. पाचारणाचा पहिला घटक फलनाचे नाम व उरलेले घटक त्याची आदाने असतात. बेरीज, गुणाकार यांसारख्या क्रियाही या भाषेत फलनेच मानल्या जातात. त्यामुळे ‘अ * क्ष + ब’ (येथे * हे गुणाकाराचे चिन्ह आहे) ही पदावली म्हणजे ‘+’ या फलनाचे पाचारण असून त्याचे पहिले आदान ‘अ * क्ष’ हे दुसरे पाचारण व दुसरे आदान ‘ब’ हे नाम आहे.

ही रचना यादीप्रमाणे हाताळता येते. वरील पदावली ‘ख’ या नावाने साठविली आणि अ = २, क्ष = ५, ब = १ अशी मूल्ये देऊन तिचे मूल्यांकन केले, तर उत्तर ११ येते. खचा पहिला घटक ‘+’ ऐवजी ‘–’ केला, तर पदावली ‘अ * क्ष – ब’ अशी होते व त्याच मूल्यांना उत्तर ९ येते. येथे बदल उत्तरात केलेला नसून आज्ञेतच केलेला आहे, हे लक्षणीय होय. मजकुराच्या रूपात साठविलेल्या आज्ञेत असा बदल अक्षरे शोधून व पुसून करावा लागतो आणि त्यात चुकीची शक्यता मोठी असते.

फलनाचे तीन घटक : आर भाषेतील सामान्य फलन तीन घटकांचे बनलेले असते : (१) आदानांची नावे व त्यांची गृहीत मूल्ये, (२) देह, म्हणजे करावयाच्या कामाची पदावली आणि (३) परिसर, म्हणजे देहातील इतर नामांचे अर्थ जेथे शोधावयाचे तो नाम-मूल्यांचा संच. यांपैकी पहिला घटक ‘फॉर्मल्स’, दुसरा ‘बॉडी’ व तिसरा ‘एन्व्हायरन्मेंट’ या फलनांनी पाहता व बदलता येतो. बेरजेसारखी जी थोडी मूलभूत फलने निर्वचकातच अंतर्भूत आहेत, त्यांना मात्र असे घटक नसतात.

उदा., ‘फ ← फंक्शन (क्ष) क्ष + १’ या आज्ञेने फ हे फलन तयार होते. या वेळी ‘क्ष + १’ याचे मूल्य काढले जात नाही. ती पदावली देह म्हणून तशीच साठविली जाते. फ (५) असे पाचारण केल्यावर उत्तर ६ येते. देहाचा तिसरा घटक १ ऐवजी १० केला, तर त्याच पाचारणाचे उत्तर १५ येते. या दृष्टीने फलन म्हणजे ठराविक आदानांची वाट पाहत थांबलेली अमूल्यांकित पदावलीच होय. आवृत्ती ३·४·० (२०१७) पासून वारंवार वापरल्या जाणाऱ्या फलनांचे आपोआप संकलन होऊन त्यांचे काम जलद होते. तरीही मूळ वृक्ष जपून ठेवलेला असल्याने देह पूर्वीप्रमाणेच वाचता येतो. टिपणांना मात्र या वृक्षात स्थान नसते. फलन छापून पाहताना दिसणारी टिपणे त्याला वेगळ्या जोडलेल्या मूळ मजकुरातून येतात आणि देहात बदल केल्यावर ही जोडणी नाहीशी होते.

परिसर : एकटी पदावली अर्थाने अपुरी असते. ‘अ * क्ष + ब’ यातील अ कोणता, हे पदावलीत कोठेही लिहिलेले नसते; तो ज्या परिसरात शोधला जातो त्यावर उत्तर अवलंबून असते. हाच या विषयाचा मध्यवर्ती मुद्दा असून पदावली व तिचा परिसर यांची ताटातूट हे बहुतेक चुकांचे मूळ आहे. एस भाषेत फलनाच्या देहातील जे नाम फलनाच्या आत सापडत नसे, ते सर्वांसाठी असलेल्या सामाईक कार्यक्षेत्रात शोधले जाई. आर भाषेच्या कर्त्यांनी स्कीमचा नियम स्वीकारला : असे नाम फलन जेथे निर्माण झाले त्या परिसरात शोधावयाचे आणि तो परिसर फलनाने कायम आपल्याबरोबर बाळगावयाचा. यामुळे, उदा., एखाद्या निरीक्षणसंचासाठी लाइकलिहुड फलन बनविणारे दुसरे फलन लिहिता येते. त्यातून मिळणारे फलन फक्त प्रचलांची आदाने घेते. निरीक्षणे त्याच्या परिसरात सुरक्षित राहतात व कार्यक्षेत्रातील बदलांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

‘क्वोट’ ने साठविलेल्या पदावलीला असा परिसर नसतो. फलनात अशी पदावली साठवून ती दुसऱ्या फलनाकडे पाठविली, तर तिच्यातील नामांचा अर्थ दुसऱ्या फलनात लावला जाण्याचा संभव असतो. दोन्हींकडे क्ष या नावाच्या वेगवेगळ्या राशी असल्यास कोणतीही सूचना न मिळता चुकीचे उत्तर येते. म्हणून ‘इव्हॅल’ चे पाचारण करताना परिसर स्पष्टपणे सांगणे इष्ट ठरते.

वचने आणि विलंबित मूल्यांकन : आर भाषेत फलनाला दिलेल्या आदानाचे मूल्य लगेच काढले जात नाही. आदानाची पदावली आणि पाचारण करणाऱ्याचा परिसर यांची जोडी तयार करून ती फलनाकडे सोपविली जाते. या जोडीस वचन म्हणतात. देहात त्या आदानाचा प्रथम उपयोग होताच वचन पाळले जाते, म्हणजे मूल्य काढून ते वचनातच नोंदविले जाते; पुढील प्रत्येक वेळी नोंदविलेले मूल्यच वापरले जाते. अल्गोल ६० मध्ये मूल्य प्रत्येक वेळी नव्याने काढले जाई. येथे ते एकदाच काढले जाते, हा दोन्हींतील महत्त्वाचा फरक आहे. ज्या आदानाचा उपयोगच झाला नाही, त्याचे मूल्य कधीच काढले जात नाही. आदानाच्या गृहीत मूल्याची पदावलीही अशीच थांबून राहते. मात्र तिचा परिसर पाचारण करणाऱ्याचा नसून फलनाचा स्वतःचा असतो. त्यामुळे ‘मध्य’ या आदानाचे गृहीत मूल्य ‘क्षची सरासरी’ असे ठरविले व देहात मध्यचा उपयोग होण्यापूर्वी क्षमधील गहाळ निरीक्षणे वगळली, तर सरासरी उरलेल्या निरीक्षणांची निघते.

ही पद्धत सोयीची असली, तरी फलने बनविणाऱ्या फलनात ती फसवी ठरू शकते. पुढील उदाहरण पहावे :

गुणक ← फंक्शन (न) फंक्शन (क्ष) क्ष * न
म ← २
दुप्पट ← गुणक (म)
म ← ३
दुप्पट (१०)

येथे २० हे उत्तर अपेक्षित असते. प्रत्यक्षात ३० येते. ‘गुणक (म)’ या पाचारणात नला २ हे मूल्य न मिळता ‘म’ ही पदावली वचनरूपाने मिळाली; ते वचन शेवटच्या ओळीत प्रथमच पाळले गेले व तोपर्यंत मचे मूल्य ३ झाले होते. यानंतर मचे मूल्य ४ केले, तरी उत्तर ३० च राहते, कारण वचन एकदा पाळले गेले आहे. म्हणजे उत्तर फलनाच्या व्याख्येवर नव्हे, तर ते प्रथम कधी वापरले गेले यावर अवलंबून राहिले. ‘फोर्स’ या फलनाने आतील फलन निर्माण करण्यापूर्वीच नचे मूल्य काढून घेतले, तर हा दोष टळतो व उत्तर २० येते. यादीतील प्रत्येक घटकावर फलन लागू करणाऱ्या ‘एलॲप्लाय’ सारख्या साधनांत हीच चूक वारंवार घडत असे; आवृत्ती ३·२·० (२०१५) पासून ही साधने आदानांची मूल्ये स्वतःहून आधी काढून घेतात.

वचनात मूळ पदावली शिल्लक असल्यामुळे फलनाला आपल्या आदानाचे मूल्यच नव्हे, तर ते कोणत्या शब्दांत दिले गेले हेही कळू शकते. त्यासाठी ‘सब्स्टिट्यूट’ हे फलन असून मिळालेल्या पदावलीचे मजकुरात रूपांतर ‘डीपार्स’ ने होते. आलेख काढताना अक्षांवर राशींची नावे आपोआप उमटतात, ती याच मार्गाने. मात्र देहात आदानाला नवे मूल्य दिल्यानंतर ‘सब्स्टिट्यूट’ वापरले, तर वचन नाहीसे झालेले असल्याने पदावलीऐवजी मूल्यच हाती येते व अक्षाच्या नावाच्या जागी आकड्यांची रांग उमटते.

पदावलीत मूल्य भरणे : काही वेळा पदावलीचा एक भाग अमूल्यांकित ठेवून दुसऱ्या भागाचे मूल्य लगेच भरावयाचे असते. याकरिता ‘बीक्वोट’ हे फलन उपयोगी पडते. त्यात बिंदू व कंस यांनी दर्शविलेल्या भागाचेच मूल्यांकन होते. न = २ असताना ‘बीक्वोट (क्ष * .(न))’ याचे उत्तर ‘क्ष * २’ ही पदावली असते. अशी पदावली फलनाचा देह म्हणून बसविल्यास त्या फलनाला नसाठी परिसरावर अवलंबून राहावे लागत नाही आणि फलन छापल्यावर त्यातील गुणांक डोळ्यांना दिसतो. परिसरात मूल्य ठेवणे आणि देहातच मूल्य कोरणे हे एकाच हेतूचे दोन मार्ग आहेत; मूल्य लहान असून ते दिसणे आवश्यक असेल तेथे दुसरा मार्ग श्रेयस्कर, तर मूल्य म्हणजे मोठी सारणी असेल तेथे पहिलाच योग्य ठरतो.

सांख्यिकीय उपयोग : पदावली जपून ठेवण्याचा सर्वांत परिचित उपयोग प्रतिमानांच्या सूत्रांत दिसतो. चेंबर्स व ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादिलेल्या १९९२ मधील ग्रंथाने एस भाषेत ही सूत्रे आणली. त्यांची संकेतपद्धती विल्किन्सन व रॉजर्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेली होती. ‘उत्पन्न ~ पाऊस + खत’ या सूत्रातील + या चिन्हाचा अर्थ बेरीज नसून ‘हे दोन्ही चल प्रतिमानात घ्यावेत’ असा आहे. सूत्राचे सामान्य मूल्यांकन होत नसल्यामुळेच त्यातील चिन्हांना असा वेगळा अर्थ देता येतो. आर भाषेत सूत्राबरोबर ते जेथे लिहिले गेले तो परिसरही साठविला जातो.

दुसरा उपयोग अवकलनाचा आहे. ‘डी’ हे फलन अमूल्यांकित पदावली घेऊन तिचा अवकलज पदावलीच्याच रूपात देते : क्षच्या तिसऱ्या घातापासून ‘३ गुणिले क्षचा वर्ग’, साइन क्षपासून कोसाइन क्ष. ‘डेरिव्ह’ या फलनाने मूळ पदावली व तिचे अवकलज यांचे एकत्रित मूल्य देणारे नवे फलनही तयार करून मिळते. अरेषीय समाश्रयणात प्रचलांचे आकलन करताना त्याचा उपयोग होतो. हाती केवळ संख्या असत्या, तर असे तंतोतंत अवकलन शक्य झाले नसते.

तिसरा उपयोग प्रतिमानाच्या नोंदीचा. रेषीय समाश्रयणाचे ‘एलएम’ हे फलन आपल्या निष्पत्तीबरोबर स्वतःचे पाचारणही अमूल्यांकित स्थितीत साठविते. त्यामुळे प्रतिमान कसे बसविले हे नंतर वाचता येते आणि ‘अपडेट’ या फलनाने त्यात एखादा चल वाढवून ते पुन्हा बसविता येते.

दोष व धोके : वरील सोयींची किंमत बहुधा मूकपणे मोजावी लागते. आज्ञावली थांबली किंवा दोषाची सूचना मिळाली, तर शोध घेता येतो. पण येथे अनेकदा उत्तर मिळते आणि ते चुकीचे असते.

‘अपडेट’ चेच उदाहरण घेता येईल. साठविलेल्या पाचारणात सारणी नसते, सारणीचे नाव असते. पहिले प्रतिमान बसविल्यानंतर त्या नावाच्या सारणीतून काही ओळी वगळल्या व मग ‘अपडेट’ केले, तर दुसरे प्रतिमान बदललेल्या सारणीवर बसते. दोन प्रतिमानांतील फरक वाढविलेल्या चलामुळे पडला असे वाचकास वाटते. वस्तुतः निरीक्षणेच वेगळी असतात. प्रतिमान एखाद्या फलनाच्या आत बसविले असल्यास पाचारणात सूत्राऐवजी ते धारण करणाऱ्या आदानाचे नाव उमटते व नोंदीचा हेतूच निष्फळ होतो. ‘डू-कॉल’ या फलनाने पाचारण केल्यास नावाऐवजी मूल्ये भरली जातात. पण मग संपूर्ण सारणी पाचारणात शिरून छापील उत्तर वाचण्यापलीकडे जाते. सूत्र तेवढे ‘बीक्वोट’ ने भरून सारणीचे नाव तसेच ठेवणे हा मध्यम मार्ग होय.

सारणीतील ओळी निवडणाऱ्या ‘सबसेट’ या फलनात दुसऱ्या प्रकारचा दोष आढळतो. ‘पाऊस > सीमा’ ही अट अमूल्यांकित स्वरूपात घेऊन हे फलन तिच्यातील नामे प्रथम सारणीच्या स्तंभांत व तेथे न सापडल्यास पाचारण करणाऱ्याच्या परिसरात शोधते. सीमा ही कार्यक्षेत्रातील संख्या असेल, तर अपेक्षित ओळी मिळतात. पुढे कोणी सारणीत सीमा या नावाचाच स्तंभ वाढविला, तर आज्ञावलीत एकही अक्षर न बदलता अटीचा अर्थ बदलतो. शिवाय ‘सबसेट’ भोवती दुसरे फलन रचून त्याच्या आदानातून अट पाठविल्यास आतील ‘सब्स्टिट्यूट’ ला मूळ अट न दिसता केवळ बाहेरील फलनाच्या आदानाचे नाव दिसते, कारण ते एकच पायरी मागे पाहते. म्हणूनच या फलनाच्या अधिकृत माहितीपत्रातही ते संगणकासमोर बसून थेट वापरण्यासाठी आहे, आज्ञावलीत समाविष्ट करण्यासाठी नाही, असा इशारा दिलेला आहे. या अडचणीवर उपाय म्हणून पदावली व तिचा परिसर यांची कायमची जोडी बाळगणारी ‘क्वोशर’ नावाची वस्तू पूरक आज्ञावली-संचांच्या कर्त्यांनी तयार केली. २०१७ पासून तिचा प्रसार झाला. तत्त्वतः ती आर भाषेतील जुन्या सूत्राचेच व अल्गोलच्या थंकचे सुधारित रूप आहे.

परिसर बरोबर ठेवण्याचाही एक तोटा आहे. फलनाच्या आत लिहिलेले सूत्र त्या फलनाचा संपूर्ण परिसर धरून ठेवते. असे सूत्र असलेले छोटेसे प्रतिमान संचिकेत साठविले, तर त्या परिसरातील मोठ्या सारण्याही बरोबर साठविल्या जातात व संचिका अकारण फुगते. एखादी गोपनीय सारणी अशा रीतीने नकळत दुसऱ्याच्या हाती जाणेही शक्य असते. सामाईक कार्यक्षेत्र मात्र केवळ खुणेने नोंदविले जाते. त्यातील मजकूर साठविला जात नाही.

सर्वांत गंभीर धोका सुरक्षिततेचा आहे. साठविलेली पदावली ही आज्ञा असल्याने ती कोणी साठविली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बाहेरून आलेल्या मजकुराचा पदच्छेद करून लगेच त्याचे मूल्यांकन करणे म्हणजे परक्या व्यक्तीला आपल्या संगणकावर आज्ञा देऊ देणेच होय. २०२४ मध्ये याहून सूक्ष्म असा एक दोष उघडकीस आला. आर भाषेच्या आधारसामग्री-संचिकेत संख्या व सारण्यांप्रमाणे वचनेही साठविता येत असत. दुष्ट हेतूने तयार केलेली अशी संचिका वाचून तिच्यातील वस्तूला नुसता स्पर्श केला, तरी वचन पाळले जाऊन त्यातील आज्ञा कार्यान्वित होई. आवृत्ती १·४·० पासून असलेला हा दोष एप्रिल २०२४ मधील ४·४·० या आवृत्तीत दूर करण्यात आला. तेव्हापासून अशी संचिका वाचताना उघडे वचन आढळल्यास ते परत न देता दोष दर्शविला जातो. निव्वळ आकडे समजून उघडलेल्या संचिकेतही थांबून राहिलेली आज्ञा असू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

साठवणीच्या प्रकारांची तुलना : करावयाची गणना चार प्रकारे साठविता येते. मजकुराच्या रूपात साठविल्यास रचना व परिसर दोन्ही नसतात आणि वाक्यरचनेतील चूक मूल्यांकनाच्या वेळीच कळते. म्हणून हा प्रकार सर्वांत कनिष्ठ होय. अमूल्यांकित पदावलीत रचना असते, परिसर नसतो. पदावली तपासणे, बदलणे किंवा तिचे अवकलन करणे हा हेतू असेल, तेव्हा ती योग्य ठरते. सूत्र व क्वोशर यांत रचना व परिसर दोन्ही असतात. वापरणाऱ्याने लिहिलेली पदावली सारणीच्या संदर्भात वाचावयाची असेल, तेथे ती उपयुक्त असतात. फलनात रचना, परिसर व आदानांची नावे ही तिन्ही असतात. गणना फक्त पुढे करावयाची आहे, तिचे रूप पाहावयाचे किंवा बदलावयाचे नाही, अशा सर्व प्रसंगी फलनच पुरेसे व अधिक सुरक्षित असते. फलनात पदावली साठवून नंतर ‘इव्हॅल’ करण्याची गरज वाटते, तेव्हा पुष्कळदा आत एक साधे फलन साठविल्याने तेच काम होते. आदानांची मूल्ये ‘फोर्स’ ने आधीच निश्चित केली, तर त्याचे उत्तर ते केव्हा वापरले यावर अवलंबून राहत नाही.